सातबारा कोरा, पण मालक कोण?

सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन आपली झाली, हा समज महाराष्ट्रात फार महागात पडतो. सातबारा हा मुळात सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठीचा कागद. 1966च्या जमीन महसूल संहितेनुसार त्यातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात, एवढेच. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. दस्तनोंदणीचेही तेच. दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. म्हणून जुने फेरफार एकेक करून उलगडावे लागतात. वाटणीत बहिणींची नावे गळली का, इतर हक्कांत कूळ आहे का, भोगवटादार वर्ग 2 असेल तर विक्रीची परवानगी घेतली का, हे तिथेच कळते.

आता सगळे ऑनलाइन दिसते, मग वकील कशाला, असे कुणी म्हणेल. पण संगणकावर चढली ती जुनीच नोंद, चुकांसकट. तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे किरकोळ असतो. त्यातूनही दस्ताबाहेरचा वारस निसटतो, म्हणून वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि मोजणी करून घ्यायची. हा सारा भार खरेदीदारावर का, हा प्रश्न रास्तच आहे. मुद्रांक शुल्क पुरेपूर घेणारे सरकार मालकीची जबाबदारी मात्र अंगाला लावून घेत नाही.