मरुभूमीतले अंगण

आमचे घराणे पाच पिढ्यांपूर्वी मारवाडातून नगर जिल्ह्यात येऊन स्थिरावले. जोधपूरपलीकडच्या खेड्यातील वडिलोपार्जित घर मात्र अजून उभे आहे आणि वर्षातून एकदा आम्ही तेथे राहून येतो. दोन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांनी त्या घराच्या ओसाड दिसणाऱ्या अंगणात बाग करण्याचे मनावर घेतले. पुण्याच्या बंगल्यांपुढे असते तशी हिरवळ, कडेने फुलझाडे असा बेत ठरला. कंत्राटदाराने केरची काटेरी झुडपे उपटली, जमीन सपाट केली आणि दुरून आणलेली माती वर पसरली.

हिरवळ उगवली. परंतु त्या पावसाळ्यात टांके भरले नाही.

अंगण ओसाड नव्हतेच. ते आगोर होते. मारवाडात अंगणाला टांक्याच्या दिशेने हलका उतार देतात आणि जमीन चोपून घट्ट करतात, म्हणजे तीवर पडलेले पावसाचे पाणी भुईखालच्या टांक्यात उतरते. आम्ही तो उतारच मोडला होता. ज्या टांक्याचे पाणी सासूबाई वर्षानुवर्षे फडक्याने गाळून भरत आल्या, त्याच्या तळाशी हातभर गढूळ पाणी उरले.

पुढे मी हिशेब मांडला. त्या भागात वर्षाला सरासरी ३५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर अंगणावर वर्षभरात सुमारे ३५,००० लिटर. तेवढ्याच हिरवळीला तिथल्या उन्हाळ्यात दिवसाला ५०० ते ६०० लिटर पाणी तरी लागते. दोन महिन्यांतच वर्षाचा पाऊस संपतो! उरलेले पाणी टँकरचे, आणि टँकर भरतो तो गावाच्याच विहिरींवर. शेजारचे काकासा एकदा शांतपणे म्हणाले, “बीनणी, तुमचे गवत आमच्या वाट्याचे पाणी पिते.” दिरांनी ते ऐकले; बोलले काहीच नाहीत.

परतीच्या वाटेवर आम्ही जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क पाहिले. सुमारे ७० हेक्टरांच्या या खडकाळ जमिनीवर २००६ साली प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू झाले आणि २०११ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तेथे प्रथम झाडे लावावी लागली नाहीत, काढावी लागली. विलायती बाभळीने सारा परिसर व्यापला होता. ही अमेरिकेतून आलेली, वरून कितीही तोडली तरी मुळापासून पुन्हा फुटणारी. अखेर दगडखाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या खांडवालियांना बोलावले. हातोड्याच्या ठोक्याचा नाद ऐकून खडक कोठे फुटेल हे ते ओळखत आणि छिन्नीने मुळे उकरून काढत. खडकातील त्याच खड्ड्यांत मग थोर, कुमट, केर अशी तिथलीच रोपे लावली. उन्हाळ्यात ही बाग करडीच दिसते. खरे सांगते, प्रथमदर्शनी माझा विरसच झाला. थोराची पाने गळलेली, केरला तर पाने जवळजवळ नसतातच. पाऊस पडला की मात्र उतारच्या उतार हिरवे होतात.

विलायती बाभळीचीच नातलग असलेली खेजडी, म्हणजे आपली शमी, ऐन उन्हाळ्यात नवी पालवी धरते. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथींना आमच्याकडे केर-सांगरी शिजते. आणि अंगणातले केर उपटून आम्ही वाळवलेले केर बाजारातून विकत आणत होतो.

या आषाढात हिरवळ काढली. दिरांचे मन वळवायला वेळ लागला. आगोराला पुन्हा उतार दिला. रोपे आगोराबाहेर, कुंपणाच्या कडेने लावली, कारण झाडांची मुळे टांक्याच्या भिंतीत शिरतात. प्रत्येक रोपाभोवती खोलगट आळे केले, त्यावर ओल टिकावी म्हणून दगडगोटे पसरले, आणि शेजारी मातीचे मडके तोंडापर्यंत पुरले. मडके भरून ठेवले की पाणी झिरपत मुळांशी जाते. दोनेक वर्षे एवढे करावे लागेल. दिरांसाठी दाराशी चार हात हिरवळ राखली आहे. तिला न्हाणीचे पाणी पुरते.

यंदा टांके अर्ध्यावर भरले. खेजडीचे रोप अजून वीतभरच आहे, आणि फोन आला की थोरले दीर आधी त्याचीच चौकशी करतात.