दोष बॅटरीचा की कटआऊटचा?

बालमित्रांनो, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत ना? लांबून लालभडक गालिचाच वाटतो! ही वाळलेली मिरची पोत्यांत भरून ट्रकमधून दूरदूर जाते. आता समजा, असाच एक जुना ट्रक रात्री कोंडाईबारीच्या घाटात आहे. मागे भरलेला माल, पुढे वळणावर वळण, आणि हेडलाईट मिणमिणत्या चिमणीसारखे झाले. ड्रायव्हरकाकांच्या पोटात गोळा येणार की नाही?

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, "बॅटरी गेली!" नवी बॅटरी बसवतात. महिन्याभरात तीही बसते. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! खरा चोर कधीकधी एका छोट्या डबीत लपलेला असतो. गॅरेजवाले तिला 'कटआऊट' म्हणतात. पुस्तकातलं नाव व्होल्टेज रेग्युलेटर.

ही डबी करते काय? इंजिन फिरलं की पट्ट्याने डायनमो फिरतो आणि वीज तयार होते. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हललं की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवलं. हा फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकलेला! पण गंमत अशी, की डायनमो जितका जोरात फिरेल तितका विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. इंजिन तर कधी हळू, कधी जोरात. मग दाब आवरायचा कुणी?

शेतात दारं धरणारा माणूस आठवा. वाफा भरला की तो मातीने तोंड बंद करतो. रेग्युलेटरचं कामही तसंच. जुन्या डबीत एक छोटं विद्युतचुंबक असतं. दाब वाढला की ते पत्रीला ओढतं, पॉईंट उघडतात आणि डायनमोच्या चुंबकाला मिळणारी वीज कमी होते. दाब उतरला की स्प्रिंग पॉईंट पुन्हा मिटवते. एका सेकंदात अनेक वेळा ही उघडझाप चालते! डबीतला दुसरा भाग इंजिन बंद असताना बॅटरीची वीज उलटी डायनमोत जाऊ देत नाही. नव्या गाड्यांत डायनमोऐवजी अल्टरनेटर असतो आणि हे काम इलेक्ट्रॉनिक भाग करतात.

पॉईंट जळून चिकटले, तर दाब वाढतच जातो. बल्ब उडतात, बॅटरीतलं पाणी उकळून आटतं. पॉईंट नीट मिटलेच नाहीत, तर बॅटरी उपाशी राहते.

मग दोष ओळखायचा कसा? इथे आपलं गणित कामाला येतं. बॅटरीत सहा घरं, प्रत्येकात सुमारे 2.1 व्होल्ट. करा गुणाकार! 12.6. इंजिन चालू करून जरा रेस केल्यावर मीटरने साधारण 14 ते 14.5 दाखवावेत. 16-17 दाखवले, तर रेग्युलेटर आवरत नाही असं समजा. आकडा वर चढलाच नाही, तर आधी ढिला पट्टा, सैल वायर, गंजलेला अर्थ आणि खुद्द डायनमो तपासायचा. सगळं ठीक असेल, तरच डबीवर आळ घ्यायचा. ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्टची व्यवस्था असेल, तर हे आकडे दुप्पट धरायचे.

बदलताना हुशार मिस्त्री इंजिन बंद करतो आणि आधी बॅटरीची अर्थची वायर काढतो. प्रत्येक वायरवर खूण करतो, म्हणजे अदलाबदल होत नाही. नवी डबी तितक्याच व्होल्टची आणि त्याच डायनमोला चालणारी आहे ना, ते बघतो. बसवायची जागा घासून स्वच्छ करतो, कारण डबीला अर्थ तिथूनच मिळतो. शेवटी पुन्हा मीटर लावतो. तुम्ही मात्र हे लांबूनच बघा बरं! बॅटरीत तेजाब असतं आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकतो.

आता थोडं मनातलं. आमच्या भागातली काही मुलं म्हणतात, "गुरुजी, मला गॅरेजमध्ये शिकायचंय, दशांश अपूर्णांक कशाला हवेत?" अरे, 12.6 आणि 14.2 मधला फरक ज्याला कळत नाही, तो तीन-तीन बॅटऱ्या बदलायला लावेल! मिस्त्रीकाम मुळीच हलकं नाही. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवायला कायद्याची मनाई आहे, आणि ते बरंच आहे. दहावी करा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पान्हा हातात येईलच, आधी पेन्सिल घट्ट धरा.

जाता जाता एक कोडं: 24 व्होल्टच्या ट्रकला रेस केल्यावर मीटर 33 दाखवतोय. दोष कुणाचा? घरी सगळ्यांना विचारा, आणि उत्तराबरोबर कारणही सांगायला लावा!