क्षमेचा अधिकार कोणाचा?

खुनाचा सूड घ्यायचा की रक्तमूल्य घेऊन वा न घेताही क्षमा करायची, हे इराणच्या कायद्यात मृताचे वारस ठरवतात. त्यामुळे फाशीचा प्रश्न थेट घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. असगर फरहादी यांच्या 'शहर-ए-जीबा'मध्ये (२००४) मुलगी गमावलेला बाप क्षमेस नकार देतो. त्याची पत्नी मात्र तडजोड सुचवते: क्षमा मागायला आलेल्या अपराध्याच्या मित्राने आपल्या अपंग मुलीशी लग्न करावे. म्हणजे क्षमेचे मोल मोजायचे ते गुन्ह्याशी संबंध नसलेल्याने!

फरहादींच्याच 'द सेल्समन'मध्ये (२०१६) हल्ला होतो रानावर, सूड घेतो तिचा नवरा इमाद. अपराधी म्हातारा हाती लागल्यावर राना म्हणते, त्याला जाऊ द्या. इमाद ऐकत नाही. आमच्या मते त्याचा क्रोध पत्नीच्या वेदनेहून स्वतःच्या दुखावलेल्या मानासाठी अधिक आहे.

मृताला विचारता येत नाही, म्हणून वारस बोलतात. राना तर जिवंत आहे! तिच्या नावाने घेतलेला सूड आम्हांस तिच्यावरचा दुसरा अन्याय वाटतो. तिच्यावर क्षमा लादली असती, तर तोही अन्यायच ठरला असता.