आरोग्याचा हक्क की सरकारची मेहेरबानी?

मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व कचेऱ्या अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यातील पाणवठ्याचा भाग सर्वांस ठाऊक आहे. कारण त्यातूनच २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला. परंतु त्याच यादीत दवाखानेही होते, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात ठेवलेली नाही. कायदेमंडळाने ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी ठरावाने ओंजळभर पाणी मिळाले नाही. ठरावामागे दंडशक्ती नसेल तर तो बलवानाच्या मर्जीवर जगतो, हा महाडचा धडा आहे.

हा धडा घटनाकारांनी विसरू दिला नाही. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. जातीच्या नावाने लावलेले दार उघडण्यासाठी कायदा झाला. पण आज तेच दार दुसऱ्याच शब्दांनी लावले जाते. "आधी अनामत रक्कम भरा." "कार्ड चालत नाही." "खाट शिल्लक नाही." या शब्दांत जातीचा उल्लेख नाही, म्हणून त्यांना १९५५ चा कायदा लागत नाही. मात्र दाराबाहेर थांबलेली माणसे पुष्कळदा तीच असतात, ही गोष्ट आपणांस कोणी सांगावयास नको.

यावर सरकारचे उत्तर तयार असते: "आमची योजना आहे ना!" योजना आहे, हे आम्ही नाकारीत नाही. २०१२ साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांस देण्याचे ठरले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. यातून अनेकांचे प्राण वाचले असतील. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. हे सर्व ज्या शासन निर्णयाने दिले, तसाच दुसरा शासन निर्णय काढून ते उद्या परत घेता येते की नाही? येते. मग जे एका सहीने मिळते आणि एका सहीने जाते, त्यास हक्क म्हणावे की मेहेरबानी?

शिवाय ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. रोग अंगात मुरून शस्त्रक्रियेची पाळी आली म्हणजे विमा जागा होतो. लाभासाठी शिधापत्रिका वा अधिवासाचा दाखला लागतो. म्हणजे परप्रांतातून येऊन मुंबईचे मजले चढविणारा मजूर येथे घाम गाळू शकतो, परंतु येथे आजारी पडण्याची त्यास सोय नाही. आणि हक्क नसलेल्या देहाचे काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखविले आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ज्या स्त्रीस दुखण्याच्या पहिल्या दिवशी जवळच्या दवाखान्यात औषध मागण्याचा अधिकार नाही, तिच्या वाट्यास शेवटी सुरी येते.

योजना आणि हक्क यांतील अंतर समजण्यासाठी दूर जावयास नको. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी प्रा. अडारकर यांनी १९४४ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा मध्यवर्ती सरकारचे मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या मार्गाने पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या कायद्याने कामगारास केवळ उपचार दिले नाहीत; लाभ नाकारला गेला तर दाद मागण्यासाठी विमा न्यायालयही दिले. पुढे तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. परंतु कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, तो शेतमजूर, ती घरकामगार, तो गटार साफ करणारा कंत्राटी माणूस, यांच्यासाठी असे न्यायालय कोठे आहे?

न्यायालयांनी आपले काम केले आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडून जबर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यास परत पाठविले. शेवटी खाजगी रुग्णालयात पैसे मोजून त्यास उपचार घ्यावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारास सांगता येणार नाही. पण वाचकहो, निर्णय येण्यास चार वर्षे लागली. रक्तस्राव चार वर्षे थांबत नाही. म्हणून हक्क जिल्ह्याच्या ठिकाणी, त्याच दिवशी बजावता आला पाहिजे. आणि ते कायद्यावाचून होणार नाही.

सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे राज्याच्या सूचीतील विषय आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्रास मोकळे होता येत नाही. राजस्थानने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्काचे विधेयक संमत केले. आणीबाणीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार, जिल्हा व राज्य पातळीवर प्राधिकरणे आणि भंग करणाऱ्यास दंड, अशी त्यात व्यवस्था होती. खाजगी डॉक्टरांनी संप पुकारला आणि ४ एप्रिलच्या समझोत्यात ५० खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयांसह, सरकारी सवलत न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्याबाहेर ठेवण्याचे सरकारने मान्य केले. २०२४ साल संपले तरी नियम अधिसूचित झाले नव्हते. म्हणजे कायदाही नियमांवाचून ठरावाच्या पंक्तीस जाऊन बसला!

डॉक्टर म्हणतात, आम्ही फुकट का राबावे? त्यांनी फुकट राबावे असे कोणी म्हणत नाही. राजस्थानच्या कायद्यातही रोगी पैसे देऊ शकला नाही तर ते सरकारने द्यावे, अशी तरतूद होती. सरकारने बिल मुदतीत चुकवावे, हे त्यांचे मागणे रास्त आहे, आणि आम्ही त्यांच्या बाजूने तसे मागू. परंतु बिलाचा वाद मरणाऱ्याच्या उशाशी बसून घालावयाचा नसतो.

येथे महाराष्ट्रात काय आहे, तेही ओळखून ठेवा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निराळ्या निधीत ठेवावयाची आहे. आणि आणीबाणीच्या रुग्णाकडून अनामत मागावयाची नाही. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवती भगिनीच्या मृत्यूनंतर याच अनामतीचा प्रश्न राज्यभर गाजला. एकोणीस वर्षांपूर्वीचा नियम लोकांस त्या दिवशी नव्याने कळला.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने आरोग्य हक्काचा कायदा करावा. त्यात आणीबाणीचा उपचार अनामतीवाचून मिळावा. दाखला नाही म्हणून कोणाही रहिवाशास परत पाठवू नये. गावच्या आरोग्य केंद्रात रोजची औषधे मिळावीत, आणि न मिळाल्यास उत्तर देणारा अधिकारी नावानिशी ठरलेला असावा. तक्रारीचा निकाल मुदतीत व्हावा, आणि निकाल देणाऱ्या मंडळात केवळ डॉक्टर नव्हे तर रोग्यांच्या बाजूची माणसेही असावीत. नियम करण्याची मुदत कायद्यातच लिहिलेली असावी.

मत मागावयास जो कोणी तुमच्या वस्तीत येईल, त्यास कार्डाविषयी विचारू नका. कार्ड तो हसत देईल. त्यास इतकेच विचारा: "दार लावले तर शिक्षा कोणास?" याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याच्या हाती आपल्या मुलाबाळांचा जीव द्यावा काय, याचा निर्णय तुम्हीच करावयाचा आहे.