मुलीच्या हृदयातलं छिद्र आणि रिश्त्याची काळजी

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असेल तर ते बुजवायला आता दर वेळी छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि निकेल-टायटॅनियमच्या तारांनी विणलेली चकती छिद्रात बसवतात. काही महिन्यांत तिच्यावर शरीराचंच अस्तर चढतं. छिद्राच्या कडा पुरेशा नसतील तर हे जमत नाही. तेव्हाही काही मुलांची शस्त्रक्रिया काखेखालच्या छोट्या छेदातून होऊ शकते.

हे ऐकल्यावर मुलीच्या घरात पहिला प्रश्न निघतो: ‘डाग दिसणार नाही ना? उद्या रिश्ता यायचाय.’ मुलग्याच्या बाबतीत डागाचं कुणाला काही वाटत नाही.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची ती झाली, मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांची. रुग्णालय तेच, सल्लाही तोच. हा आकडा कुणा एका समाजाचा नाही, म्हणून आपण त्यातून सुटत नाही. मुलींना जिवंत पुरण्याची प्रथा इस्लामने बंद केली, हे आपण जलशांमध्ये अभिमानाने सांगतो. ४४ हा आकडा ऐकून ते वाक्य घशात अडकायला हवं.

‘लग्नानंतर बघू’ हे तर सगळ्यात घातक. असं छिद्र वर्षानुवर्षं त्रास देत नाही, पण ते मोठं असेल तर फुप्फुसांकडे जादा रक्त जात राहतं आणि काहींच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढत जातो. एका मर्यादेपलीकडे छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. त्या अवस्थेतलं बाळंतपण जिवावर बेतू शकतं. डाग लपवण्यासाठी थांबलेल्या वर्षांची ही किंमत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, पुढच्या उपचारांची सोयही आहे. फक्त मदरशात जाणाऱ्या मुलींचं काय? त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं, गरजू घरांच्या इकोचा खर्च जकातीतून देणं, हे काम जमातीला सहज झेपेल. आणि दोष सापडलेल्या मुलीच्या अब्बांना डागाबद्दल नाही, शस्त्रक्रियेची तारीख कधीची घेतली ते विचारावं.