गळाला फक्त चिलापी!

दिवाळीच्या सुट्टीत तेरला गेलो, तेरणेकाठी दिवसभर गळ टाकून बसलो. घावलं काय? चार चिलापी! १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेचा पाहुणा. "मामा, वाम, शिंगटे कुठं गेले?" "मिरगातच चढणीचे झोडले की पोरांनी!"

मंडळी, अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारा साल्मन टीव्हीवर बघून आपण हळहळतो. आपले मासेही पहिल्या पुरात तेच करतात. आणि आपण? "गाभोळीवाला द्या हं," म्हणत वर जास्त पैसे मोजतो! समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नदीपुरती ती आपणच पाळू. बंधाऱ्यांना, वाळूवाल्यांना शिव्या जरूर घाला, पण आधी चढणीचा मासा घेणं बंद करा. नाहीतर बसा चिलापी मोजत!