शकुंतलेचे फोटोवाले

फाल्गुनात पळस फुलला की आमच्या वऱ्हाडात कॅमेरेवाले उगवत. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला, अडीच फुटी रूळ, मागे लालभडक पळस! फोटो झकास, पण तिकीट काढतील तर शपथ! मोटार दामटून पुढच्या स्टेशनावर पुन्हा हजर. ७६ किलोमीटरला चार तास, म्हणून ‘काय हा निवांतपणा!’ असे उसासे. अहो बाप्पा, अंजनगावच्या बाजाराला निघालेल्या मजुराला निवांतपणा नको होता, स्वस्त तिकीट हवं होतं! १९२१चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ साली निवृत्त झालं, तेव्हा हळहळ इंजिनासाठी. मग गाडीच थांबली, तर आता गंजक्या रुळांचे फोटो! मला रागच येतो. दारात उभ्या मजुराला हीच मंडळी म्हणायची, ‘जरा आत व्हा, पळस झाकतोय.’